दोन टिटव्या, एकच शिक्का: गायरानावर चर मारण्याआधी काय पाहावं

प्रश्न असा आहे: खटाव तालुक्यातल्या एका गावच्या गायरानावर यंदा सलग समतल चर (पाणी मुरावं म्हणून उताराला आडवे, एका पातळीवर खणलेले लांब खड्डे) मारून झाडं लावायची आहेत. त्या माळावर दोन प्रकारच्या टिटव्या आहेत. आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत, म्हणजे कोणत्या जातीला किती धोका आहे ते सांगणाऱ्या यादीत, दोन्ही ‘कमी चिंतेच्या’ गटात येतात. मग पक्ष्यांच्या बाजूनं या कामाला हरकत नाही, असं धरायचं का?

नाही. दोघींवर शिक्का एकच असला तरी त्यांची गरज उलटसुलट आहे. डोळ्यापुढं मांसाची लाल गाठ असलेल्या टिटवीचं या कामानं काही बिघडणार नाही, पाणी साठलं तर ती वाढेलसुद्धा. पिवळ्या गाठीची, म्हणजे माळटिटवी, मात्र झाडं डोक्याएवढी व्हायच्या आत तिथून हललेली असेल. काम पूर्ण रद्द करावं असं माझं म्हणणं नाही. काम कुठं, कोणत्या महिन्यात आणि किती करायचं ते माळटिटवी मोजून ठरवा. आणि त्यासाठी आधी या दोघी वेगळ्या ओळखता आल्या पाहिजेत, कारण बऱ्याच नोंदी इथंच फसतात.

पायाच्या रंगावर जाऊ नका, दोघींचे पाय पिवळेच. उडताना पंखावर दिसणारा पांढरा पट्टाही दोघींना असतो आणि शेपटीवरचा काळा पट्टाही. पाहायचं ते गळा आणि छाती. लाल गाठीची, जिला पुस्तकात ताम्रमुखी म्हणतात, तिचा गळा आणि छाती काळी कुळकुळीत. डोळ्यामागून एक पांढरा पट्टा मानेवरून खाली पोटाच्या पांढऱ्याला जाऊन मिळतो. चोच लाल, टोकाला काळी. लांबी साधारण ३२ ते ३५ सेंमी. माळटिटवी त्याहून लहान, २६ ते २८ सेंमी. तिची छाती वाळूच्या, फिकट तपकिरी रंगाची आणि त्या तपकिरी रंगाखाली पोटाशी एक बारीक काळी रेघ. डोक्यावर काळी टोपी आणि टोपीच्या कडेनं पांढरी किनार. डोळ्यापुढून लोंबणारी पिवळी गाठ दुर्बिणीतून शंभर मीटरवरूनही कळते. पिल्लं मोठी होत असताना गोंधळ होतो: लाल गाठीच्या तरुण पक्ष्याचा गळा पांढुरका असतो आणि माळटिटवीच्या तरुण पक्ष्याची टोपी तपकिरी. अशा वेळी शेजारच्या मोठ्या पक्ष्याकडे बघा, पिल्लू एकटं फारसं नसतं.

आवाज जास्त खात्रीचा. लाल गाठीची ‘टिटीव-टिटीव-टिव’ करत सगळा माळ डोक्यावर घेते, रात्रीसुद्धा. माळटिटवीचा आवाज बारीक, ‘टी-ई, टी-ई’ असा आणि तोही जवळ गेल्यावरच.

आता यादीबद्दल. ‘कमी चिंता’ याचा अर्थ संख्या भरपूर आहे असा होत नाही. धोक्याच्या गटात जाण्याचे निकष लागू पडले नाहीत, एवढंच त्यातून कळतं. हे निकष संपूर्ण जगातल्या पक्ष्यांना लावले जातात. ‘असुरक्षित’ ठरण्यासाठी १० वर्षं किंवा ३ पिढ्या यांपैकी जो काळ मोठा असेल त्यात संख्या ३० टक्क्यांनी घटावी लागते. किंवा पसारा २०,००० चौरस किलोमीटरहून कमी असून तो तुकड्यांत विभागलेला आणि आक्रसत चाललेला असावा लागतो. किंवा प्रौढ पक्षी १०,००० हून कमी असून सतत घटत असावे लागतात. माळटिटवी फक्त भारतीय उपखंडात सापडते, पण उपखंडभर: पाकिस्तानापासून बांगलादेशापर्यंत आणि नेपाळापासून श्रीलंकेपर्यंत. एवढ्या पसाऱ्यात खटाव, माण, आटपाडी आणि जत हे चारही तालुके रिकामे झाले तरी जागतिक आकडा हलणार नाही. शिक्का तोच राहील आणि तुमच्या माळावर पक्षी नसेल.

टिटव्यांच्या कुळात हे आधी घडलेलं आहे. जावा बेटावरची टिटवी १९४० च्या सुमारानंतर खात्रीनं कुणाला दिसलेली नाही. मध्य आशियातून हिवाळ्यात भारतात उतरणारी सोशिएबल लॅपविंग ही टिटवी आज ‘अतिसंकटग्रस्त’ आहे. दोघीही उघड्या सपाट जमिनीवर अंडी घालणाऱ्या. आपल्याकडचा माळढोक २०११ मध्ये ‘अतिसंकटग्रस्त’ ठरला, तोही गवताळ माळाचाच पक्षी. माळटिटवी त्या वाटेवर आहे असं मी म्हणत नाही. पण हे पक्षी जमिनीच्या वापरामुळं जातात, आणि ते यादीत उमटेपर्यंत फार उशीर झालेला असतो.

साताऱ्याच्या आणि सांगलीच्या पूर्वेकडचा पट्टा गेल्या काही दशकांत कसा बदलला ते इथल्या माणसाला सांगायला नको. टेंभू, ताकारी, म्हैसाळ, जिहे-कठापूर या योजनांचं पाणी आलं. जिथं हुलगा-मटकी होत नव्हती तिथं ऊस, द्राक्षं, डाळिंब आली, शेततळी आली. शेतकऱ्याच्या दृष्टीनं हे चांगलंच झालं आणि त्याबद्दल पक्षीप्रेमींनी नाक मुरडू नये. लाल गाठीच्या टिटवीलाही ते मानवलं. तिला पाणी जवळ लागतं. पाटाच्या कडेला, भिजवलेल्या सरीत, तळ्याच्या गाळावर ती किडे, अळ्या, गोगलगायी टिपते. घरट्याच्या जागेबद्दलही ती फार चिकित्सक नाही. बांध, रुळांची खडी, सपाट गच्चीवरचे खडे, काहीही चालतं. माळटिटवीला लागते ती कोरडी, उघडी, जवळजवळ बोडकी जमीन, मुरमाड किंवा खडकाळ, जिथं गवत घोट्याएवढंच आहे आणि चहूबाजूंना दूरवर नजर जाते. ती वाळवी, भुंगे, नाकतोडे पळत-थांबत टिपते. ओल झाली की ती जागा सोडते. म्हणून पाणी आलेल्या गावात ‘टिटव्या वाढल्या’ असं लोक म्हणतात ते खरं असतं, पण ती वाढलेली टिटवी कोणती हे कुणी विचारत नाही.

उरतं ते गायरान, वनखात्याचा माळ आणि डोंगरउतार. सरकारी नकाशांत ही जमीन बहुधा ‘पडीक’ म्हणून रंगवलेली असते. म्हणून सौर प्रकल्प असो, वृक्षलागवड असो, जलसंधारण असो, सगळ्यांची पहिली नजर तिच्यावरच जाते. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेसाठीही गायरानं घेतली जातात. एकेक काम चांगलंच असतं, पण सगळी एकाच जमिनीवर येऊन आदळतात.

झाडांमुळं नक्की काय होतं ते नीट समजून घ्या, कारण ग्रामसभेत ‘झाड लावल्यानं पक्ष्याचं नुकसान कसं?’ हा प्रश्न येणारच. माळटिटवीचा बचाव दोनच गोष्टींवर आहे: अंड्यांचा दगडासारखा रंग आणि शत्रू लांबून दिसणं. कोल्हा, मुंगूस किंवा कुत्रा दीडशे मीटरवर दिसला की घरट्यावरची मादी हळूच उठते, वाकून पळत लांब जाते आणि मगच स्वतःला दाखवते. रोपं गुडघ्याच्या वर गेली की ती नजर संपते. शिवाय डोमकावळ्याला आणि शिक्र्याला बसायला जागा मिळते, आणि कावळा वर बसून मादी कुठून उठली ते पाहतो. ग्लिरिसिडिया आणि सुबाभूळ भराभर वाढतात, त्यामुळं हा बदल तीन-चार पावसाळ्यांत पुरा होतो. सांगली जिल्ह्यातल्या सागरेश्वर अभयारण्याचं जंगल माणसांनी उभं केलं, ते कौतुकाचंच काम आहे आणि हरणांना, मोरांना त्याचा फायदा झाला. पण त्या दाट झाडीत माळटिटवी शोधायला कुणी जाऊ नये. एका प्रकारच्या जागेला दुसऱ्या प्रकारची जागा पर्याय होत नाही.

चरांचा त्रास वेगळा आहे. टिटवीची पिल्लं अंड्यातून बाहेर पडल्यावर दिवसभरातच चालू लागतात आणि आईबापामागं माळभर फिरतात. उडता येईपर्यंत महिना-सव्वा महिना जातो. ३०–४५ सेंमी खोल, उभ्या कडेचा चर सलग शंभर मीटर गेला की त्यात पडलेलं पिल्लू वर चढू शकत नाही. मे अखेरच्या वळवात तोच चर भरतो. उपाय अवघड नाही. चर सलग न मारता तुकड्यांत मारा, म्हणजे मध्ये न खोदलेली जमीन राहील, आणि प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही टोकांना कुदळीनं उतार काढा. मजुरीत फारसा फरक पडत नाही, पण जेसीबीवाला स्वतःहून करणार नाही. त्याला मापं लिहूनच द्यावी लागतात. प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यात एका कोपऱ्यात काथ्याची जाळी किंवा पोती सोडली की पडलेला जीव वर येतो, मग तो पिल्लू असो की घोरपड.

कामाचा महिना तर सगळ्यात महत्त्वाचा. माळटिटवीची वीण मुख्यतः मार्च ते मे या कोरड्या महिन्यांत. लाल गाठीची मार्चपासून ऑगस्टपर्यंत चालते. अंडी बहुतेक वेळा ४, एकेक करून चार-पाच दिवसांत घातली जातात आणि शेवटच्या अंड्यानंतर २७ ते ३० दिवस उबवणी. म्हणजे पहिल्या अंड्यापासून पिल्लं निघेपर्यंत ५ आठवडे धरा. आपली श्रमदानं, जेसीबीची कामं, उन्हाळी नांगरट नेमकी याच काळात. जमलं तर खोदाई नोव्हेंबर ते फेब्रुवारीत उरका. मजुरांना काम उन्हाळ्यातच हवं असेल, आणि रोजगार हमीत ते तसंच असतं, तर त्या दिवशी खोदायच्या पट्ट्यातून सकाळी दोघांनी दहा-दहा मीटर अंतर ठेवून आधी चालून यावं. घरटं सापडलं की तेवढा भाग पाच आठवडे सोडून पुढं सरकायचं. अंडी उचलून बाजूला ठेवू नका. चार-पाच मीटर सरकवलेलं घरटंही पक्षी बहुधा स्वीकारत नाही.

शेतात नांगर किंवा कुळव चालू असताना घरटं दिसलं तर त्याभोवती दोन-तीन मीटर त्रिज्येचं बेट न नांगरता ठेवा. खूण करायची तर घरट्याजवळ नाही, पाच मीटरवर दोन दगड एकावर एक. लाल चिंधी, काठी, झेंडा अजिबात नको, त्यावर आधी कावळ्याची आणि मग पोरांची नजर जाते. आणि दुपारी तिथं उभं राहू नका. उन्हाळ्यात जमीन एवढी तापते की मादी अंड्यांवर उबवायला कमी आणि सावली धरायला जास्त बसते. पाण्यात पोटाची पिसं भिजवून येऊन अंडी गार करते. तुम्ही फोटोसाठी पंधरा मिनिटं थांबलात तर तेवढ्यात अंडी आतून शिजू शकतात. बघायचं असेल तर सकाळी नऊच्या आत, पाच मिनिटं, लांबून.

चराईबद्दल बाहेरून आलेले लोक नेहमी एक चूक करतात: ‘चराईबंदी केली की माळ सुधारेल.’ गवत सुधारेल हे खरं. पण पूर्ण बंदी घातलेल्या माळावर कुसळी आणि पवन्या दिवाळीपर्यंत कमरेला येतात. मार्चपर्यंत ते उभं वाळलेलं असलं तर माळटिटवी तिथं उतरत नाही. मेंढरं फिरून गवत आखूड राहिलेली जागा तिला हवी असते. जत-आटपाडीकडं माडग्याळ मेंढ्यांचे कळप आणि खिलार जनावरं ज्या माळावर पूर्वापार फिरतात तिथं ती टिकून असते, हा योगायोग नाही. धनगर हा या पक्ष्याचा शत्रू नाही. शत्रू आहे तो कुत्रा, विशेषतः गावाच्या कडेला मेलेल्या कोंबड्या आणि खाटकाची घाण टाकली जाते तिथं वाढलेली टोळी. कळपाबरोबरचं कुत्रं धन्याजवळ राहतं, टोळीतलं रात्रभर माळ धुंडाळतं. त्यामुळं घाण खड्ड्यात चुना टाकून पुरणं हे पक्षीसंवर्धनाचंच काम आहे, जरी कुणी त्याचा फोटो काढत नसलं तरी.

अजून एक धोका आपल्या डोक्यातला. टिटवीनं उंचावर अंडी घातली की पाऊस चांगला, चार अंडी म्हणजे चार महिने पाऊस, असं दर मे महिन्यात मोबाईलवर फिरतं. अंडी बहुतेक वेळा चारच असतात, तेव्हा हा अंदाज दुष्काळातसुद्धा चार महिन्यांचाच निघतो. श्रद्धेशी भांडण नाही, पण अंडी हातात धरून काढलेला व्हिडिओ बघून दुसऱ्या दिवशी दहा जण तिथं जातात. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मध्ये रानपक्ष्यांची अंडी खराब करणं, अंडी किंवा घरटं विचलित करणं हे शिकारीच्या व्याख्येतच येतं. असं काही दिसलं तर वनखात्याचा १९२६ हा क्रमांक आहे.

आता मोजणी. यासाठी दुर्बीण, छापलेला उपग्रह नकाशा आणि दोन माणसं पुरतात. गायरानावर एकमेकींना समांतर, दीडशे मीटर अंतराच्या रेघा नकाशावर आखा. सूर्योदयानंतर अर्ध्या तासानं सुरू करून नऊच्या आत संपवा. किलोमीटरला अर्धा तास एवढाच वेग. दिसलेला प्रत्येक पक्षी नकाशावर ठिपक्यानं दाखवा, जात वेगळ्या अक्षरानं लिहा आणि जोडी, एकटा, बसलेला, पळणारा, ओरडणारा अशी खूण करा. मार्चच्या शेवटी, एप्रिलच्या मध्यात आणि मेच्या सुरुवातीला अशा तीन फेऱ्या करा. तीनपैकी दोन फेऱ्यांत जिथं जोडी त्याच जागी सापडली ती वीण-जागा धरा.

यात दोन ठिकाणी गणित चुकतं. लाल गाठीची टिटवी तुमच्या डोक्यावर घिरट्या घालत पुढच्या रेघेपर्यंत येते आणि पुन्हा मोजली जाते. माळटिटवी मान खाली घालून मुकाट पळते, त्यामुळं मोजलीच जात नाही. म्हणून दर दोनशे मीटरवर दोन मिनिटं थांबून पुढची जमीन दुर्बिणीनं डावीकडून उजवीकडं विंचरा, आणि मागून आलेला ओरडणारा पक्षी नव्यानं लिहू नका. दुसरं, जुलै-ऑगस्टमध्ये मोजणी करून ‘माळटिटवी नाही’ असा निष्कर्ष काढू नका. पावसाळ्यात ती ओल्या भागातून स्थानिक पातळीवर सरकते. उन्हाळ्यातली अनुपस्थिती तेवढी धरायची. नोंद ईबर्डवर (पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर) टाकणार असाल तर पूर्ण यादी, वेळ आणि चाललेलं अंतर भरा, पण घरट्याची नेमकी जागा टाकू नका.

मोजणीतून काय ठरवायचं? वीण-जागा नकाशावर आल्या की त्या बहुधा माळभर विखुरलेल्या नसतात. सपाट, मुरमाड, उथळ मातीच्या पठारी भागात गोळा झालेल्या असतात. नेमका तोच भाग झाडांसाठी सगळ्यात वाईट असतो. ५०० मिमीच्या आसपास पाऊस, वीतभर माती आणि खाली पाषाण, तिथं टँकरनं पाणी घालूनही रोपं मरतात. म्हणजे माळटिटवीची जागा सोडल्यानं लागवडीचं फारसं नुकसान होत नाही. झाडं ओढ्याच्या काठानं, गावाकडच्या उतारावर, रस्त्याकडेला, शाळेजवळ घ्या. बोर, बाभूळ, कडुनिंब, करंज असली स्थानिक झाडं तिथं जगतीलही. पठाराचा तुकडा सलग ठेवा, मध्ये रस्ता किंवा झाडांची रांग नको. वीण-जागेपासून शंभर मीटर तरी झाड नसावं.

कागदावर हे आणायचं तर ग्रामपंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती हा मार्ग. २००२ च्या जैवविविधता कायद्यानं ती प्रत्येक गावात असायला हवी आणि लोक जैवविविधता नोंदवही तिनं ठेवायची असते. बऱ्याच नोंदवह्यांत नुसतं ‘टिटवी’ असं एकच नाव असतं. ते दुरुस्त करून दोन ओळी करा, वीण-जागांचा नकाशा जोडा, आणि धाविक, पखुर्डी, चंडोल हे त्याच माळावरचे शेजारी पक्षीही लिहा. कामाच्या अंदाजपत्रकाला मंजुरी मिळण्याआधी हा नकाशा ग्रामसभेच्या ठरावात गेला पाहिजे, नंतर फक्त वाद होतात. जमीन वनखात्याची असेल तर वनक्षेत्रपालांना तोच नकाशा द्या. आपल्या भागात संरक्षित जागा वाढत आहेत ही जमेची बाजू आहे. मायणीचं पक्षी संवर्धन राखीव २०२१ मध्ये आणि आटपाडीचं संवर्धन राखीव २०२३ मध्ये जाहीर झालं. पण मायणीचं महत्त्व तलावामुळं आहे आणि आटपाडीचं क्षेत्र साडेनऊ चौरस किलोमीटरच्या घरात. माळटिटवीचा बहुतेक संसार अशा राखीव जागांच्या बाहेर, गायरानांवरच चालतो.

शेवटचं, वेळापत्रकाचं: आता मार्च जवळ असेल तर खोदाई तीन महिने पुढं ढकला आणि आधी तीन फेऱ्या करून घ्या. मार्च उलटून गेला असेल तर यंदा फक्त ओढ्याकाठच्या आणि गावाकडच्या भागात काम सुरू करा, पठार पुढच्या उन्हाळ्यातल्या मोजणीपर्यंत तसंच राहू द्या.